पॅकेजांचा गोतावळा

संगणकाच्या कार्यप्रणालीत एखादे सॉफ्टवेअर बसवावयाचे म्हणजे एकट्या पाहुण्याला घरी बोलावणे नव्हे. तो आपला गोतावळा बरोबर घेऊन येतो. चित्रे उघडणारे एक पॅकेज मागवावे, तर ज्यांच्या आधारावाचून त्याचे चालत नाही अशी कित्येक लहान पॅकेजे त्याच्यामागून निमूटपणे आत शिरतात.

लिनक्स परिवारातील डेबियन या प्रणालीचा आरंभ 1993 साली झाला. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजाबरोबर त्याला कोण कोण लागते याची यादी असते, आणि एपीटी नावाचा कारभारी ती वाचून सारे जमवून आणतो. पण खिडक्या, फाइली, छपाई असा डेस्कटॉपचा सबंध संसार हवा असेल, तर शेकडो नावे कोण लिहीत बसणार? म्हणून मेटापॅकेजाची युक्ती निघाली. हे पॅकेज जवळजवळ रिकामेच असते. त्याच्या पोटात असते ती केवळ इतरांची यादी. ते बसविले की यादीतील सारी मंडळी बसतात.

खरी अडचण येते ती काढताना. श्रोतेहो, सरकारी कचेरीत एखादी शाखा बंद झाली, की तिच्यासाठी आलेले कपाट कोणते आणि शेजारच्या शाखेचे कोणते, हे नस्तीत टिपण नसेल तर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एपीटी हे टिपण ठेवतो. अमुक पॅकेज मालकाने स्वतः मागितले, की कोणाच्या मागून आपोआप आले, एवढीच ती नोंद. आपोआप आलेल्याची कोणालाच गरज उरली नाही, म्हणजे ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा मिळताच ते बाहेर जाते.

यातच मेख आहे. डेस्कटॉपबरोबर आलेला एखादा नकोसा खेळ आपण काढला आणि तो यादीत ‘आवश्यक’ म्हणून नोंदलेला असला, तर मेटापॅकेजही जाते. मग उरलेली मंडळी बेवारशी ठरू शकतात आणि एका खेळापायी सारा संसार उठण्याची वेळ येते. यासाठीच जाणते रचनाकार असे घटक ‘आवश्यक’ न म्हणता ‘शिफारस’ म्हणून नोंदवितात. फेडोराने निराळी वाट धरली. तेथे गट म्हणजे पॅकेज नसून अनिवार्य, नेहमीचे आणि ऐच्छिक असे घटक सांगणारी एक यादी आहे. त्यामुळे ऐच्छिक घटक काढल्याने बाकीचे ढळत नाहीत. मला ही रीत अधिक सरळ वाटते.

2021 साली कॅनडातील लिनस सेबास्टियन यांनी, उबुंटूमार्गे डेबियनशी नाते सांगणाऱ्या पॉप ओएस या प्रणालीवर, ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसविण्याची आज्ञा दिली. पॅकेजांच्या परस्परांतील विसंवादामुळे एपीटीने डेस्कटॉपच काढण्याचा तोडगा काढला. त्याने तशी यादी दाखविली, इशारा दिला, संमतीचे संपूर्ण वाक्य लिहून मागितले. ते लिहिले गेले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. टिपणी लांबली की सही न वाचताच होते, हा अनुभव कचेरीत काही नवा नाही! पुढे एपीटीतच बदल होऊन अशी संमती पुरेशी मानणे बंद झाले.

मेटापॅकेज जाणारच असेल, तर जी मंडळी राहावयास हवीत त्यांची नावे घेऊन ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ ही आज्ञा आधी द्यावी. मग ती आपण स्वतः मागितलेली ठरतात आणि ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावीत नाही.