पुराच्या नकाशासाठी निधी कसा मागावा: वाराणसीचे उदाहरण

दूरसंवेदनाचा अभ्यासक्रम संपत आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो: हवामान बदलाच्या संकटावर उपग्रहांचा उपयोग करणारा प्रकल्प करायचा तर पैसे कोण देणार? पैसे देणारे आहेत आणि त्यांची नावे पुढे येतीलच. अडचण वेगळीच आहे. नेमके काय मोजण्यासाठी पैसे हवेत, हे बहुतेक अर्जांत लिहिलेलेच नसते. माझा स्वतःचा पहिला अर्ज ‘हवामान बदल आणि अवकाश तंत्रज्ञान’ अशा भारदस्त नावाचा होता. तो परत आला तेव्हा शेऱ्यात एवढेच विचारले होते की यातून शेवटी हाती काय येणार. प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून या पाठात आपण एक खरी समस्या घेऊ आणि तिचा अर्ज होईपर्यंत तिच्यामागे जाऊ. समस्या वाराणसीची आहे. तिथे आकडे स्पष्ट आहेत आणि अर्ज करण्याजोगे केंद्रही शहरातच आहे.

वाराणसीत गंगेची पातळी केंद्रीय जल आयोग राजघाटाजवळ मोजतो. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. आजवरची सर्वोच्च नोंद १९७८ सालची, ७३.९०१ मीटर. पुराची बातमी आली की घाट बुडाल्याची आणि मणिकर्णिकेवरचे अंत्यसंस्कार वरच्या जागी न्यावे लागल्याची छायाचित्रे आपण पाहतो. पण सर्वाधिक घरे बुडतात ती बहुधा घाटांवर नव्हे. गंगा चढली की वरुणा नदीचे पाणी संगमाशी तुंबते आणि फुगवटा मागे वस्तीत शिरतो. कोनिया, सरैया, नक्खीघाट, हुकूलगंज ही नावे दर मोठ्या पुरात येतात. यांतल्या काही वस्त्यांत विणकरांचे माग आहेत. हातमाग पुष्कळदा जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो, म्हणजे घरात पाणी आले की आधी मागच बुडतो. ताण्यावर चढवलेले रेशीम काढायला वेळ लागतो. ‘गंगा धोक्याच्या पातळीवर’ ही बातमी त्या घराला पुरेशी नाही. राजघाटावर आकडा किती झाला की आपल्या गल्लीत पाणी येते, हे त्यांना हवे असते.

आता हा प्रश्न उपग्रहाने सुटेल का, ते पाहू. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या प्रकाशीय प्रतिमा निरुपयोगी ठरतात, त्यामुळे रडार लागते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या सी-बँड प्रतिमा २०१४ पासून मोफत मिळतात. भारताचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. नासा आणि इस्रोचा निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यावर एल आणि एस असे दोन बँड आहेत. संथ पाणी रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ते प्रतिमेत काळे दिसते. इथवर पुस्तकातलेच झाले.

पुढचा भाग बहुतेक अर्जांत गाळला जातो. दाट वस्तीत रडारची लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे जाते, त्यामुळे बुडालेली गल्ली काळी न दिसता उलट उजळ दिसू शकते. इमारतींची सावली मात्र कोरडी असूनही काळी दिसते. शिवाय सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा, तर गल्ली दोन-तीन मीटरची. आणि एक उपग्रह त्याच मार्गावरून १२ दिवसांनी परत येतो. निसारचेही तेच. बारा दिवसांत पूर येऊन ओसरूनही जाईल. म्हणून ‘उपग्रहाद्वारे पूर्वसूचना’ असे अर्जात लिहू नका. पूर्वसूचना पातळीच्या नोंदीवरून आणि वरच्या भागातल्या पाण्याच्या हिशेबावरून मिळते.

मग डिजिटल उंची प्रतिमान, म्हणजे डीईएम, घेऊन त्यावर ७१.२६२ ची रेषा ओढली तर? मोफत मिळणारी ३० मीटर विभेदनाची प्रतिमाने चांगली असली तरी त्यांची उभी त्रुटी काही मीटर असू शकते. इशारा आणि धोका यांत अंतर आहे बरोबर एक मीटर. मोजपट्टीची चूकच मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी!

वाट इथेच निघते. प्रत्येक पुराच्या रडार प्रतिमेत पाण्याची कड दिसते. त्या वेळी राजघाटावर पातळी किती होती, याची नोंद असते. म्हणजे ती कड जवळजवळ त्या उंचीची समोच्च रेषाच झाली. ऑगस्ट २०१६, २०२१ आणि २०२५ या पुरांत गंगेने धोक्याची पातळी ओलांडली होती. पाणी चढताना आणि उतरताना घेतलेल्या प्रतिमा धरल्या तर वेगवेगळ्या पातळ्यांच्या कडा मिळतील. उतार शंभरास एक असेल आणि कड ठरवताना दोन पिक्सेलची, म्हणजे २० मीटरची चूक झाली, तर उंचीतली चूक २० सेंटिमीटर. डीईएमपेक्षा हे कितीतरी बरे. ही पद्धत मोकळ्या काठावर आणि शेतांत चालते. वस्तीत मात्र भिंतींवरच्या पुराच्या खुणा लेव्हलिंग करून मोजाव्याच लागतील. फुगवट्याचे पाणी जवळपास सपाट असते हे आपले गृहीतक आहे आणि ते तपासणे हेही प्रकल्पाचेच काम.

आता अर्जाचे वाक्य आपोआप तयार होते: ‘राजघाटावरील पातळी ७० ते ७३ मीटर असताना, दर २५ सेंटिमीटरला वरुणेकाठचा कोणता भाग पाण्याखाली जातो, याचा प्रत्यक्ष मोजणीने पडताळलेला नकाशा.’ हे काम झाले की नाही, ते कोणीही तपासू शकतो. नकाशा वापरणार कोण, तेही लिहा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, एनडीआरएफची ११ वी तुकडी वाराणसीतच आहे. त्यांपैकी एकाचे सहमतीचे पत्र जोडता आले तर दहा पानी प्रस्तावनेपेक्षा त्याचे वजन जास्त.

अर्ज कुठे? इस्रोचा रिस्पाँड कार्यक्रम विद्यापीठांतल्या संशोधनाला अनुदान देतो. इस्रोच्या केंद्रांना कोणते प्रश्न सुटायला हवे आहेत, त्याची यादीही त्यात प्रसिद्ध होते. ती आधी वाचा. वाराणसीत आयआयटी (बीएचयू) मध्ये इस्रोचे प्रादेशिक शैक्षणिक अवकाश केंद्र आहे. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इस्रोबरोबरचे अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत. मुख्य अन्वेषक संस्थेतला नियमित अध्यापक असावा लागतो, तुम्ही नाही. पण समस्येचे टिपण घेऊन अध्यापकाकडे जाणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो, आणि भेटला तर कोणी त्याला परत पाठवत नाही. कंपनी काढायची असेल तर इन-स्पेसच्या योजना वेगळ्या, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करू.

अंदाजपत्रकात मोठा खर्च माणसाचा असतो. कनिष्ठ संशोधन छात्राचे मानधन २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, वर घरभाडे भत्ता. प्रतिमा मोफत असल्याने त्या रकान्यात शून्य लिहा आणि शून्य का, तेही लिहा. प्रवासखर्च मात्र हात राखून लिहू नका. भिंतीवरच्या खुणा जाऊनच मोजाव्या लागतात. पुढच्या वर्षाचा हप्ता खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळतो, म्हणून पावत्यांची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा.

वेळापत्रकाबद्दल एक सूचना. वाराणसीतला पूर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचा. मंजुरी ऑक्टोबरात आली तर पहिल्या वर्षीचा पावसाळा हातातून गेलेला असेल. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत जुन्या प्रतिमा आणि राजघाटच्या नोंदी जुळवण्याचे काम ठेवा, भिंतींचे लेव्हलिंग हिवाळ्यात उरका आणि नवा पूर पडताळणीसाठी राखून ठेवा. त्या वर्षी गंगा इशाऱ्याच्या पातळीपर्यंत चढलीच नाही तर पडताळणी कशी करणार, याचे दोन ओळींचे उत्तर अर्जातच असू द्या. परीक्षक ते विचारतातच.