नको ते गाळत गाळत

मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा ‘कोविड कवच एलायझा’ हा रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारा संच आला आणि त्याच महिन्यात देशव्यापी सेरो सर्वेक्षणात तो वापरला गेला. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे जिल्हे त्यात होते. देशभरातलं संसर्गाचं प्रमाण निघालं ०.७३ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही, अशा ठिकाणी शंभरातले दोन खोटे पॉझिटिव्हही सगळं गणित बिघडवतात.

खोटा पॉझिटिव्ह येतो कुठून, हे शोधायचं तर चाचणीतल्या सेकंडरी अँटिबॉडीकडे पाहायचं. तिला विषाणूशी देणंघेणं नसतं. नमुन्यातली माणसाची आयजीजी अँटिबॉडी (इथली प्रायमरी) ओळखायची आणि रंग उमटवायचा, इतकंच तिचं काम. ती भलत्याच प्रथिनाला चिकटली, की प्लेटवरच्या नको त्या वेलमध्येही (खळग्यातही) पिवळा रंग चढतो.

ही डोकेदुखी जुनीच. १९४५ मध्ये कूम्ब्स, मोरँट आणि रेस यांनी सशात तयार केलेलं मानवी ग्लोब्युलिनविरोधी सीरम वापरलं. आपल्या रक्तपेढ्यांतली कूम्ब्स टेस्ट ती हीच. त्या सीरममध्ये तांबड्या पेशींना थेट चिकटणाऱ्या अँटिबॉडीही असत. मग ते आधी धुतलेल्या मानवी पेशींबरोबर ठेवायचं; नको त्या अँटिबॉडी पेशींबरोबर निघून जात, उरलेलं कामाला यायचं. पुढे पेशींच्या जागी मण्यांनी भरलेला कॉलम आला, पण युक्ती तीच राहिली. १९६८ मध्ये अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफी आल्यावर मण्यांवर इतर प्राण्यांची सीरम प्रथिनं बांधून त्यावरून सेकंडरी सोडता येऊ लागली. माउस आणि रॅटच्या अँटिबॉडी इतक्या सारख्या, की याशिवाय गत्यंतर नव्हतं. आयजीजी आणि आयजीएम या दोन प्रकारच्या अँटिबॉडींच्या हलक्या साखळ्याही सारख्याच, त्यामुळे फक्त आयजीजीची गॅमा साखळी ओळखणारी सेकंडरी निवडावी लागते. फार गाळलं तर मात्र सिग्नलही उतरतो.

ब्लॉकिंगची, म्हणजे प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकायची, दूध पावडर तर घरचाच भेदी! तिच्यात गाईची आयजीजी असते आणि शेळी-मेंढीविरुद्धची सेकंडरी तिलाही धरते. मग दिवसभर बॅकग्राउंड का येतंय, याचा शोध सुरू.

खरा बदल मला २०१८ मध्ये दिसतो. जर्मनीत गॉर्लिख यांच्या प्रयोगशाळेने अल्पाकाच्या अँटिबॉडींवरून सेकंडरीचं काम करणाऱ्या छोट्या नॅनोबॉडी घडवल्या, त्या जिवाणूंकडून बनवून घेतल्या. इथे गाळणं नाही, निवडणं आहे. पण त्या अजून सगळीकडे पोचलेल्या नाहीत.

तोवर प्रत्येक प्लेटवर एक वेल प्रायमरीविना ठेवा. तिच्यात रंग आला, तर आधी सेकंडरी आणि ब्लॉकिंग तपासा. नमुन्याबद्दल नंतर बोला.