विलाप आणि कविता

खेड्यातील एखाद्या घरात मृत्यू घडला म्हणजे स्त्रिया हेल काढून रडू लागतात. त्या रडण्याकडे लक्षपूर्वक कान दिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. ते केवळ रडणे नसते. त्यात शब्द असतात, आणि त्या शब्दांना एक लय असते. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याला हाक मारलेली असते. त्याने लावलेले झाड, त्याच्या हातची गुरे, अर्ध्यावर राहिलेले काम यांची आठवण काढलेली असते. ‘मला न सांगता कसा गेलास?’ असा रुसवाही त्यात असतो. ज्याला ऐकू येणे शक्य नाही, त्याच्याशीच हे सारे बोलणे चाललेले असते. विलापिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यप्रकाराचे मूळ अशा रडण्यात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

संस्कृत काव्यातील एक प्रसंग पाहावा. कालिदासाच्या ‘रघुवंश’ या महाकाव्याच्या आठव्या सर्गात अज राजाचा विलाप आला आहे. राणी इंदुमती राजासह उद्यानात असताना, आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदांच्या वीणेवरील पुष्पमाला तिच्या अंगावर पडते आणि त्या फुलांच्या स्पर्शानेच तिचे प्राण जातात. फुलासारखी कोमल वस्तूही मृत्यूचे साधन होऊ शकते, हे अजाला उमगत नाही. परंतु त्याचा शोक खऱ्या अर्थाने वाचकाला भिडतो तो लहानसहान गोष्टींत. बकुळीच्या फुलांची एक मेखला दोघे मिळून गुंफीत होती. ती अर्धीच राहिली आहे. आंबा आणि प्रियंगूची वेल यांचे लग्न लावण्याचे इंदुमतीने मनात योजिले होते; तेही राहून गेले आहे. राज्य, वैभव, पराक्रम यांपेक्षा ही अर्धी राहिलेली कामेच राजाला अधिक छळतात. पुढे वसिष्ठ ऋषी शिष्याकरवी उपदेश पाठवितात. तो उपदेश योग्यच आहे. पण शोकाने भरलेल्या त्या हृदयात त्याला जागा मिळत नाही आणि तो जणू आला तसाच परत जातो. मुलगा दशरथ लहान म्हणून अज आणखी आठ वर्षे कसाबसा जगतो. राणीची चित्रे पाहणे आणि स्वप्नातील क्षणभराची भेट, एवढाच त्याचा आधार असतो.

आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रकारांनी या भावनेचा सूक्ष्म विचार केला आहे. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगितला आहे. विप्रलंभ म्हणजे प्रिय माणसांची ताटातूट. त्यातही अश्रू आहेत, झुरणे आहे. परंतु तेथे पुन्हा भेटीची अपेक्षा असते. करुणात ती अपेक्षाच संपलेली असते. ‘मेघदूता’तील यक्ष दुःखी आहे खरा, पण शापाचे वर्ष संपले की आपण घरी जाणार हे त्याला ठाऊक आहे. अजाला अशी कोणतीही तारीख मोजता येत नाही. शास्त्रात हा भेद अगदी स्पष्ट आहे. कवितेत मात्र तो इतका स्पष्ट राहतोच असे नाही, हे पुढे दिसेल.

मराठीत या भावनेचा अत्यंत उत्कट आविष्कार संत नामदेवांच्या नावे असलेल्या समाधीच्या अभंगांत सापडतो. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. परंपरेनुसार त्यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. निवृत्तिनाथ हे त्यांचे थोरले बंधू, आणि गुरूही तेच. आत्मा अमर आहे, देह नाशवंत आहे, हे ज्यांनी शिष्याला शिकविले, त्या गुरूलाच शिष्याच्या वियोगाने रडताना या अभंगांत दाखविले आहे. तळ्याचा बांध फुटला आणि पाणी दिशा फुटेल तिकडे धावले. पेंढीचा बंध सुटला आणि गवत माळावर उधळले. आईबाप सोडून गेले, तेव्हाही एवढे दुःख झाले नव्हते, असे निवृत्तिनाथ म्हणतात. येथे तत्त्वज्ञानाचा एक शब्दही नाही. शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातील तळे आणि पेंढी मात्र आहेत. ज्ञानी पुरुषाला शोक शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांना या अभंगांनी कोणतेही उत्तर दिलेले नाही. तो शोक तेवढा समोर ठेवला आहे. नामदेव स्वतः त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले.

जात्यावरच्या ओव्यांत हा शोक पहाटेच्या कामाबरोबर येतो. आई गेलेल्या सासुरवाशिणीला माहेर असून नसल्यासारखे होते. भाऊ आहे, भावजय आहे, घरही तेच आहे. परंतु वाटेकडे डोळे लावून बसणारे कोणी नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’ या संग्रहात अशा कितीतरी ओव्या एकत्र केल्या. त्या रचणाऱ्या बायांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

आधुनिक काळात आईच्या वियोगावर पुष्कळ लिहिले गेले. कवी यशवंत (1899–1985) यांच्या ‘आई’ या कवितेतील पोरक्या मुलाला शोक अनावर होतो तो दुसऱ्या मुलांनी आपापल्या आईला मारलेल्या हाका ऐकून. चिमणी पिलांना चारा देते, गाय वासराला चाटते. जगाच्या दृष्टीने ही आनंदाची दृश्ये, आणि नेमकी तीच त्याला सोसवत नाहीत. माधव जूलियन (1894–1939) हे आपल्या आईवरील कवितेत थेट तिच्याशीच बोलतात. तू पुन्हा जन्म घे, म्हणजे मीही पुन्हा तुझ्याच पोटी येईन, असे ते तिला विनवितात. भेटीची अपेक्षा संपली असे शास्त्र सांगते. कवी ती पुढच्या जन्मात नेऊन ठेवतो. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील माता तर मृत्यू मान्यच करीत नाही. मूल झोपले आहे, एवढेच ती सर्वांना सांगत राहते.

इंदिरा संत (1914–2000) यांची कविता याहून संयमी आहे. त्यांचे पती ना. मा. संत हेही कवी होते, आणि दोघांच्या कवितांचा ‘सहवास’ नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. 1946 मध्ये पतींचे निधन झाले. त्यानंतरच्या इंदिराबाईंच्या कवितेत विरह सर्वत्र भरून राहिला आहे. आक्रोश मात्र क्वचितच ऐकू येतो. पावसाला उद्देशून लिहिलेली त्यांची एक कविता विशेष लोकप्रिय आहे. कौलांवर असा नाचू नकोस, गळके घर आहे, खाली ठेवायला एवढी भांडी कोठून आणू, दारातील सायलीशी झोंबू नकोस, नेसूचे जुनेर भिजवू नकोस, असे त्यातील स्त्री पावसाला घरगुती रागाने बजावते. वाचणाऱ्याला हे एक लाडिक भांडणच वाटते. मग ती एकाएकी त्याला वेशीपलीकडे धाडते. आठ कोस आडवा धाव, विजेला कडाडायला सांग, आणि त्या वाटसराला माघारी फिरव, अशी तिची विनवणी आहे. हा वाटसरू कोण, हे कवितेत सांगितलेले नाही. कवयित्रीच्या आयुष्याशी तो जोडलाच पाहिजे असेही नाही. प्रवासाला निघालेल्या कोणाही प्रिय माणसाविषयी ही कविता वाचता येते. परंतु गेलेले माणूस फार दूर गेलेले नाही, आठ कोसांवरच असेल, असे मानणारे मन अनेक वाचकांना तीत आपले वाटले आहे. तेवढे एक काम केलेस तर घरात हवा तेवढा धिंगाणा घाल, मी काही बोलणार नाही, असे ती स्त्री पावसाला सांगते.