लिलावातला फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का?

रत्नागिरीत नाचणे-कुवारबावकडचा फ्लॅट बँकेच्या लिलावात निघाला, की राखीव किंमत बघून हुरळू नका मंडळी! आधी जाहिरातीत ताबा कोणता ते वाचा. ‘सांकेतिक’, म्हणजे फक्त कागदोपत्री, असेल तर आत बहुधा कर्जदाराचंच बिऱ्हाड असतं. बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या (२००२) कलम १४ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत तुमचे पैसे अडकतात, आणि बराचसा नफा तिथेच जिरतो.

पैशांची घाईही मोठी. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत २५ टक्के, बाकीचे विक्री कायम झाल्यापासून साधारण १५ दिवसांत. म्हणून कर्जाची बोलणी आधीच करून ठेवा.

सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, वीजबिल, मुद्रांक शुल्क, डागडुजी हे सगळं बोलीत मिळवा, मगच शेजारच्या इमारतीतल्या दराशी ताडून बघा. ओल धरलेल्या भिंती आपल्या कोकणात हमखास खर्च वाढवतात.