अंगणाला हिरवा आडोसा

उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडावे, खुर्ची टाकावी आणि निवांत चहा प्यावा, असे कोणाला वाटत नाही? पण समोरच्या खिडक्यांतून चार जण आपल्याकडे पाहत असतील, तर त्या चहाची चवच जाते.

झाशीच्या सदर बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीचे असेच झाले. लग्न होऊन ती साताऱ्याहून इथे आली, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. तिच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या जागेत एक जुना कडुनिंब होता. तो पाडला गेला आणि तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या थेट मावशीच्या अंगणात उघडतात. तिने हळूहळू अंगणात बसणेच सोडले. वाळत घातलेले कपडे काढायला ती डोक्यावर पदर घेऊन धावत जायची आणि धावतच परत यायची. कडुनिंबाबरोबर बुलबुल गेले, खारी गेल्या.

मावसभावाने उपाय सुचवला, ‘‘आई, भिंतीवर पत्रे ठोकून टाकू.’’

पण झाशीचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला पत्र्याचे नाव ऐकूनच घाम फुटेल. मे २०२४ मध्ये इथे पारा ४९ अंशांवर गेला होता. तापलेला पत्रा अंगणाची भट्टी करतो, वारा अडवतो आणि पाखरांना काहीच देत नाही. झाड मात्र आडोसा देते, सावली देते, शिवाय पाखरांना घर आणि खाऊही देते. प्रश्न एवढाच, की कोणते झाड, आणि कुठे?

आधी खुर्चीत बसून पाहा

बहुतेक लोक आडोशाची झाडे कुंपणाला लागून लावतात आणि ती उंच होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहतात. मावशीनेही हेच म्हटले, ‘‘अगं, मी सत्तरीची. मी लावलेलं झाड माझ्या उपयोगी कधी पडायचं?’’

आम्ही तिला नेहमीच्या जागी खुर्चीत बसवले आणि मोजमाप केले. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर असते. खिडकीत उभ्या माणसाचे डोळे होते अंदाजे २० फुटांवर. खुर्ची आणि खिडकी यांत अंतर ४० फूट. म्हणजे नजर ४० फुटांत १६ फूट खाली उतरते. भिंत खुर्चीपासून ३० फुटांवर आहे. तिथे नजर अडवायची, तर झाड १६ फूट उंच हवे. पण तेच झाड खुर्चीपासून १० फुटांवर लावले, तर ८ फूट पुरतात! उभे राहून काम करायचे असेल, तर ९ फूट धरा.

आडोसा आपल्या जवळ असेल तर लहान झाडही काम करते. तेव्हा सगळे अंगण झाकायच्या नादी लागू नका. जिथे बसता, जिथे कपडे वाळत घालता, तेवढ्याच जागा झाका. वारा आणि हिवाळ्यातले ऊन यांची वाट मोकळी ठेवा.

जमीन ओळखा

बुंदेलखंडात जमिनीची नावेच तिचा स्वभाव सांगतात. राकड आणि पडुवा या लाल जमिनी, तर काबर आणि मार या काळ्या. झाशीत पुष्कळ ठिकाणी राकड आहे. ती खडेमिश्रित असते, तिच्यात पाणी टिकत नाही आणि थोड्याच खोलीवर कातळ लागतो. म्हणून लावण्यापूर्वी पहार घालून पाहा. दोन-अडीच फुटांवर कातळ लागला, तर मोठ्या वृक्षाचा हट्ट सोडून झुडपे निवडा.

कोणती झाडे निवडाल?

कुंती (कामिनी) : ८-१० फुटांच्या आडोशासाठी छान. बारमाही हिरवी, पावसाळ्यात पांढरी सुगंधी फुले आणि मग लाल फळे, जी बुलबुलांना आवडतात. तीन-तीन फुटांवर रोपे लावा.

करवंद : हिंदीत करौंदा. काटेरी, चिवट आणि कमी पाण्यावर तगणारे. मांजर आत शिरू शकत नाही, म्हणून पाखरे त्यात निर्धास्त घरटी बांधतात. लोणच्याची सोय होते ती वेगळीच.

लिंबू आणि कढीलिंब : दोन्ही स्वयंपाकघराची झाडे. यांच्या पानांवर काही सुंदर फुलपाखरे अंडी घालतात. पाने कुरतडणाऱ्या अळ्या दिसताच औषध फवारू नका. त्याच अळ्यांची पुढे फुलपाखरे होतात.

हिरवा अशोक : अरुंद जागेसाठी सर्वांना ठाऊक असलेला. पाच-सहा फुटांवर एकेक रोप पुरे. याची जांभळट फळे कोकिळा आणि वटवाघळे खातात, पानांवर हिरव्या ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पण संपूर्ण भिंतीला एकाच जातीची रांग लावू नका. एखादा रोग आला, तर सगळा पडदा एकदम जातो.

बकुळ : दाट, सदाहरित, सुगंधी. नारिंगी फळे पाखरे आवडीने खातात. वाढ मात्र सावकाश.

करंज : बुंदेलखंडाचा उन्हाळा सहज सोसतो. उन्हाळ्यात थोडे दिवस पाने झडली, तरी लगेच चकचकीत पालवी येते. फुलांवर मधमाश्या असतात. बिया विषारी आहेत, म्हणून लहान मुलांना जपा. पसारा मोठा असल्याने भिंतीपासून किमान १५ फूट दूर लावा.

कडुनिंब : जागा असेल तर याला तोड नाही. निंबोळ्या पिकल्या, की पाखरांची जत्रा भरते. यालाही करंजाएवढेच अंतर द्या.

तुती आणि बहावा ही झाडे पाखरे, भुंगे, फुलपाखरे यांसाठी उत्तम. पण वर्षातले काही दिवस निष्पर्ण होतात. त्यांना आडोशाच्या रांगेत नव्हे, बाजूला जागा द्या.

झटपट आडोसा हवा असेल, तर बांबूच्या ताटीवर मधुमालती चढवा. वर्षभरात ताटी भरते आणि फुलांवर शिंजीर येऊ लागतो.

ही झाडे टाळा

‘लवकर वाढते’ एवढ्यावरच झाड पसंत करू नका. सुबाभूळ झपाट्याने वाढते, पण तिच्या बियांमधून सगळीकडे रोपे उगवतात. कोनोकार्पसची हिरवी भिंत दिसायला छान, पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र वास रात्री अनेकांना सोसत नाही. वड, पिंपळ, उंबर ही पाखरांची आवडती झाडे खरी, पण त्यांची मुळे घराच्या भिंती आणि पाण्याची टाकी फोडतात. ती देवळाच्या आवारात किंवा मोकळ्या मैदानातच शोभतात.

जुने झाड तोडायचे असेल, तर आधी नियम विचारा. छावणीच्या हद्दीत राहत असाल, तर छावणी परिषदेकडे चौकशी केल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

लावताना आणि नंतर

मोठ्या झाडासाठी मे महिन्यात तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून ऊन खाऊ द्या. मग माती आणि कुजलेले शेणखत भरा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, की जुलैत रोप लावा. वनमहोत्सवही याच महिन्यात असतो, तेव्हा रोपवाटिकांत रोपे मिळतात. झाशीत तर १९८८ पासून कृषिवानिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. आज ते केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांची. रोपाशेजारी मातीचे न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरून झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळते. बुंध्याभोवती वाळक्या पानांचा थर द्या. लू वाहू लागली, की पश्चिमेकडून पोत्याची किंवा तट्ट्याची आड करा. काटछाट दिवाळीनंतर, आणि तीही घरटे नाही ना, हे पाहूनच. सावलीत पाण्याचे उथळ भांडे ठेवायला विसरू नका.

मावशीने खुर्चीपासून १० फुटांवर कुंतीची चार फुटी रोपे लावली, त्यांच्यामागे मधुमालतीची ९ फुटी ताटी. कोपऱ्यात करवंद, स्वयंपाकघराच्या दाराशी लिंबू. मावसभाऊ म्हणाला, ‘‘दोन वर्षं बघू. नाही जमलं, तर पत्रे आहेतच.’’

दोन पावसाळे उलटल्यावर मी पुन्हा झाशीला गेले. मावशी अंगणात बसून तांदूळ निवडत होती. डोक्यावर पदर नव्हता. कुंती अजून ८ फुटांची झालेली नाही, पण ताटी गच्च भरली आहे. कपड्यांच्या दोरीच्या एका टोकाहून एक खिडकी अजूनही दिसते. तिथे ती आता फक्त चादरी वाळत घालते. लिंबाच्या झाडात शिंपी पक्ष्याने पाने शिवून घरटे केले होते, म्हणून मावसभावाला तिकडची लिंबे तोडायची मनाई होती.

भिंतीपाशी कंबरेइतके एक बकुळीचे रोप दिसले. मी विचारले, ‘‘मावशी, हे सावकाश वाढणारं झाड कशाला?’’

‘‘आडोशाची सोय झाली ना माझी?’’ ती म्हणाली, ‘‘मग आता घाई कसली!’’