ताक विकायची वस्तू झाली

1972 च्या दुष्काळाआधी धाराशिवकडच्या खेड्यांत ताक विकत मिळत नसे. ज्याच्या घरी दुभतं, त्याच्या दारात सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी येत. ताकाचे पैसे घेणं कमीपणाचं होतं. पाहुण्याला आधी गूळ-पाणी, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं.

या सगळ्यांत मानाची मात्र आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, निवल्यावर पुन्हा ताक, वर लसूण-जिरं-मीठ. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, आंबिलीचं मडकं डोक्यावरून शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी-भाकरी होते आणि तांब्यामागून तांब्या आंबील रिचवली जाते. ऐन थंडीत एवढं आंबट कसं सोसतं, हे बाहेरच्याला कळत नाही.

मग चहा आला. आधी गुळाचा कोरा, पुढे साखरेचा. आज शहरात ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लावून तोच दुप्पट भावाने विकतात, याची गंमत वाटते. ढोकीचा तेरणा, नळदुर्गचा तुळजाभवानी असे साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला आणि रस्त्यालगत रसवंत्यांची घुंगरं वाजू लागली. तुळजापूरच्या वाटेवर गोटी सोडा होताच. कोका-कोला 1977 साली देशातून गेला, 1993 साली परतला. मधल्या काळात थम्सअप आणि गोल्ड स्पॉट लग्नाच्या मांडवापर्यंत पोचले.

पण ताक हटलं ते या बाटल्यांमुळे नव्हे. गावोगाव दूध संकलन सुरू झालं आणि विरजणाचं दूध कॅनमध्ये जाऊ लागलं. भूमकडे ते खव्याच्या भट्टीवर चढलं. हातात रोख पैसा आला, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. उरलेलं काम दुष्काळाने केलं. 1972 ला धान्य नव्हतं. 2012-13 ला पाणीच नव्हतं. जनावरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, आणि पाण्याचा जार दारात आला. ज्या जिल्ह्यात पाणीच विकत घ्यावं लागलं, तिथे ताक फुकट कोण देणार?

आता पिशवीतलं मसाला ताक किराणा दुकानात मिळतं. चवीला वाईट नाही, पण त्याची आंबील मात्र जमत नाही. तिला घरचंच आंबट ताक लागतं. येळवशीला कुणी शेतात बोलावलं, तर नाही म्हणू नका.