ऑनलाईन बुद्धिबळ महोत्सव : पट सर्वांचा, रस्ता कोणाचा?

बुद्धिबळाला सध्या चांगले दिवस आले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक जिंकले. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळविला. अशा वातावरणात जयंतीच्या किंवा वर्धापनदिनाच्या निमित्ताने एखाद्या मंडळाने 'यंदा ऑनलाईन बुद्धिबळ महोत्सव घेऊ' असे ठरविले तर त्याचे स्वागतच करावे लागेल. मंडप नको, हॉलचे भाडे नको, प्रवासखर्च नको. गडचिरोलीचा मुलगा धारावीतल्या मुलीशी घरबसल्या खेळू शकतो. समोरच्याचे आडनाव काय, तो कोणत्या वस्तीत राहतो, हे पडद्यावर दिसत नाही. दोघांकडे सोळा-सोळा मोहरे आणि घड्याळात सारखीच मिनिटे. याहून मोठी समता ती कोणती, असे कोणालाही वाटेल.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी एका विसंगतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, हा तो इशारा होता. ऑनलाईन बुद्धिबळाचेही तेच आहे. पटावर समता आहे. पटापर्यंत पोहोचण्याच्या रस्त्यावर ती नाही. महोत्सवाचे नियोजन करणाऱ्यांनी या रस्त्याचा विचार आधी आणि बक्षिसांचा नंतर करावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

जगाच्या महोत्सवात काय घडले?

ज्यांना हे बोलणे अवास्तव वाटते त्यांनी २०२० सालचे ऑनलाईन ऑलिम्पियाड आठवून पाहावे. कोरोनामुळे मॉस्को येथे होणारे ऑलिम्पियाड पुढे ढकलावे लागले आणि 'फिडे' या जागतिक संघटनेने जुलै-ऑगस्टमध्ये प्रथमच ही स्पर्धा इंटरनेटवर घेतली. १६० हून अधिक देशांचे संघ उतरले. प्रत्येक संघात सहा पट होते : दोन पुरुषांचे, दोन महिलांचे, एक वीस वर्षांखालील मुलाचा आणि एक मुलीचा. प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे पाच सेकंद जादा. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात विश्वनाथन आनंद, कोनेरू हंपी, हरिकृष्ण, हारिका होते. गोव्याची भक्ती कुलकर्णी आणि त्यावेळी अवघ्या चौदा वर्षांची असलेली दिव्या देशमुखही होती.

२८ ऑगस्ट रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली. आर्मेनियाच्या एका खेळाडूचा इंटरनेट संपर्क डाव चालू असताना तुटला आणि तो डाव भारताच्या खात्यात गेला. आर्मेनियाने अपील केले. ते फेटाळण्यात आले. निषेध म्हणून आर्मेनियाचा संघ पुढची लढत न खेळताच स्पर्धेबाहेर पडला. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर आले. पहिली लढत ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख या आपल्या दोन लहानग्यांचा संपर्क तुटला आणि दोघांचीही वेळ संपली. त्या दिवशी जगातील अनेक देशांत इंटरनेटचा मोठा बिघाड झाला होता. यावेळी भारताने अपील केले आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित केले.

दोन्ही निर्णयांमागे संघटनेची आपापली कारणे होती. परंतु आर्मेनियाच्या खेळाडूच्या मनाला काय वाटले असेल? संपर्क त्याचाही तुटला होता. एकाला पराभव मिळाला आणि दुसऱ्याला सुवर्ण. ज्या स्पर्धेमागे जागतिक संघटना उभी होती, मोठे संकेतस्थळ होते, निष्णात पंच होते, तेथे ही गत. मग पत्र्याच्या खोलीत, आईच्या फोनवर खेळणाऱ्या पोराचे काय होईल? त्याच्यासाठी कोण अपील करणार?

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि शहरी भागात २३.४ टक्के घरांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांना होती, शहरी भागात ४२ टक्के घरांना. त्यानंतर स्मार्टफोन खूप पसरला हे खरे आहे. पण घरात फोन असणे वेगळे आणि रविवारी सकाळी सलग तीन तास तो मुलाच्या हातात असणे वेगळे. अनेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो बापाच्या खिशात कामावर गेलेला असतो. घरात भाऊ-बहीण दोघेही खेळणारे असतील तर फोन कोणाच्या हाती जातो, हे वेगळे सांगायला नको.

जून २०२० मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात दहावीतील एका दलित मुलीने आपले जीवन संपविले. ऑनलाईन वर्ग सुरू झाले होते; घरातला टीव्ही बिघडलेला होता आणि स्मार्टफोन नव्हता. वडील रोजंदारीवर काम करणारे. शिक्षण आणि खेळ यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण 'आता सगळे ऑनलाईन आहे, सर्वांसाठी खुले आहे' असे जाहीर केल्यावर ज्याच्याजवळ साधन नाही त्याला काय वाटते, हे त्या घटनेने दाखवून दिले. जो महोत्सव सर्वांसाठी खुला म्हणून जाहीर होतो आणि ज्यात निम्मी वस्ती उतरूच शकत नाही, तो त्या निम्म्या वस्तीला 'तुम्ही मागे आहात' एवढेच सांगून जातो.

मग नियोजन कसे करावे?

पहिली गोष्ट, खेळाला पैसा फारसा लागत नाही हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. लिचेस हे संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. त्यावर शुल्क नाही, जाहिराती नाहीत. फ्रान्समधील एक ना-नफा संस्था ते देणग्यांवर चालविते. खाते कोणालाही उघडता येते आणि स्पर्धाही मोफत भरविता येते. लहान मुलांसाठी अनोळखी माणसांशी संभाषण बंद ठेवण्याची सोयही त्यात आहे. खाते पालकांना सांगून उघडावे आणि त्याला खरे नाव, आडनाव देऊ नये. नावांची वही संयोजकांनी स्वतःजवळ ठेवावी. त्यामुळे 'प्रवेश फी रुपये दोनशे' असे पत्रक काढण्याचे काही कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट, बुद्धिबळाचा डाव डेटा खात नाही. एक चाल म्हणजे इकडून तिकडे गेलेली चार अक्षरे. डेटा खातात ते उद्घाटनाची थेट चित्रफीत, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार आणि अध्यक्षीय भाषण! आपल्याकडे भाषणांची हौस मोठी आहे. ती महोत्सवात दहा मिनिटांत उरकावी. मार्गदर्शनाचे धडे आधीच मराठीत ध्वनिमुद्रित करून अभ्यासिकांमध्ये पोहोचवावेत, म्हणजे मुलाच्या दिवसाच्या डेटाला हात लागणार नाही.

तिसरी गोष्ट, बाद पद्धत टाळावी. समजा १२८ मुले उतरली. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत ६४ मुले घरी जातात, एकेक डाव खेळून. ती कोण असतात? ज्यांना शिकविणारे कोणी नव्हते ती. एकूण डाव होतात १२७. याउलट स्विस पद्धतीत कोणीच बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. सात फेऱ्यांत प्रत्येक मूल सात डाव खेळते आणि एकूण ४४८ डाव होतात. विजेता तरीही निश्चित करता येतो. पहिला डाव हरलेल्या मुलाला दुसऱ्या फेरीत त्याच्याच ताकदीचा जोडीदार मिळतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत तो जिंकायला शिकलेला असतो. ज्या महोत्सवाला नवीन खेळाडू घडवायचे आहेत त्याने हीच पद्धत घ्यावी.

चौथी गोष्ट वेळेची. प्रत्येकाला दहा मिनिटे आणि दर चालीला पाच सेकंद जादा दिले, तर साठ चालींचा लांबलेला डावही अर्ध्या तासात संपतो. मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती धरली तर चार फेऱ्यांना तीन तास पुरतात. चार फेऱ्या एका रविवारी, तीन पुढच्या रविवारी. बारा वर्षांखालील मुले सकाळी आणि मोठी मुले दुपारी खेळली, तर एकच फोन दोघांना पुरतो. परीक्षेचे दिवस टाळावेत. पाच सेकंदांची ती जादा भर कमी करू नये. क्षणभर रेंज गेलेल्या मुलाला तीच वाचविते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे संपर्क तुटला तर काय, याचा नियम स्पर्धेआधी लिहून, मराठीत, सर्वांना वाचून दाखवावा. जोड्या पंचांनी आपल्या तक्त्यावर लावाव्यात. एखाद्याचा संपर्क तुटला आणि पंचाची तशी खात्री झाली, तर विश्रांतीच्या पंधरा मिनिटांत तो डाव एकदा, पाच-पाच मिनिटांचा, पुन्हा खेळवावा. दुसऱ्यांदा तुटला तर निकाल कायम. नियम कडक असला तरी चालेल. पण तो आधी ठरलेला असावा आणि सर्वांना सारखा असावा. आर्मेनियाला जे वाटले ते आपल्या एकाही मुलाला वाटता कामा नये.

वस्तीतले केंद्र हाच कणा

यावर उपाय म्हणून प्रत्येक वस्तीत एक खेळकेंद्र असावे. अभ्यासिका, समाजमंदिर, जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, विद्यार्थी वसतिगृह, जे मिळेल ते. तरुणांनी त्या दिवसापुरते आपले दहा फोन तेथे आणून ठेवावेत. एक पंच, एक चार्जिंगची सोय, एक चालू इंटरनेट जोडणी. दहा फोनवर सकाळी दहा आणि दुपारी दहा अशी वीस मुले खेळतात. अशी सात केंद्रे उभी राहिली तर ज्यांच्या घरी साधन नाही अशी १४० मुले पटावर येतात. यातील निम्म्या जागा मुलींसाठी राखून ठेवाव्यात. राखीव जागा म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या केंद्राचा आणखी एक फायदा आहे. ऑनलाईन खेळात संगणकाची मदत घेऊन जिंकणे ही मोठी डोकेदुखी आहे. एखादा वस्तीतला मुलगा अचानक चांगला खेळला की लगेच संशयाची बोटे त्याच्याकडे वळतात. प्रत्यक्षात काय घडले आहे? जून २०२१ मध्ये कोरोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याशी नामवंतांचे ऑनलाईन सामने झाले. त्यात आनंद यांना हरविणाऱ्या एका अब्जाधीश उद्योजकाने संगणकाची आणि इतरांची मदत घेतल्याचे पुढे स्वतःच जाहीरपणे कबूल केले. तेव्हा गरिबीचा आणि लबाडीचा संबंध जोडण्याचे कारण नाही. उलट पंचासमोर, केंद्रात बसून खेळलेला डाव हा बंद खोलीत खेळलेल्या डावापेक्षा अधिक निःसंशय असतो.

आश्रयदाता नको, वर्गणी हवी

शेवटी पैशाबद्दल. १९३० साली बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. त्याच हिवाळ्यात इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले. ते सर उमर हयात खान या सरदाराच्या पदरी होते. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३३ मध्ये त्याच सरदाराच्या घरात काम करणारी फातिमा ही ब्रिटिश महिला विजेती झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरदार मायदेशी परतले आणि या दोघांचीही मोठ्या स्पर्धांतील कारकीर्द तेथेच थांबली. सुलतान खान १९६६ साली वारले. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली.

आश्रयदात्याने उघडलेले दार त्याच्याबरोबरच बंद होते, हा यातला धडा आहे. म्हणून महोत्सव एखाद्या पुढाऱ्याच्या फलकाखाली, त्याच्या वाढदिवसाला भरवू नये. घरोघरी दहा-वीस रुपयांची वर्गणी काढावी, हिशेब फळ्यावर लावावा. मोठ्या रकमेचे एकच बक्षीस देण्याऐवजी प्रत्येक केंद्राला दोन पट, एक घड्याळ आणि चार मराठी पुस्तके द्यावीत. महोत्सव दोन रविवारांत संपेल. पट मात्र अभ्यासिकेत राहील आणि संध्याकाळी त्यावर पोरे बसतील.

तेव्हा नियोजनाच्या पहिल्या बैठकीत 'पाहुणे कोण?' हा प्रश्न बाजूला ठेवावा. आपल्या वस्तीत फोन नसलेली मुले किती, याची यादी आधी करावी. त्या यादीतले शेवटचे मूल पटावर कसे बसेल हे ठरले की बाकीचे नियोजन आपोआप होते. प्यादे एकेक घर पुढे सरकत शेवटच्या ओळीत पोहोचले तर वजीर होते, हा या खेळाचाच नियम आहे. पण त्यासाठी ते आधी पटावर असावे लागते. ते काम महोत्सव भरविणाऱ्यांचे आहे आणि त्याची सुरुवात येत्या रविवारी यादी करण्यापासून होऊ शकते.